बांधाच्या अलीकडे

आत्ता पूर्ण भरती आहे. डावीकडे धरमतरची खाडी, उजवीकडे भाताची खाचरं, मध्ये मातीचा बांध. नीट पाहा. खाडीचं पाणी शेताच्या पातळीपेक्षा वर उभं आहे.

हा रायगडचा खारेपाट. अलिबाग-पेणकडची ही जमीन मुळात खाडीचा चिखल. माणसांनी बांध घालून ती समुद्राकडून मागून घेतली.

बांधातली ही झडप म्हणजे उघाडी. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं आणि तिला मिटवतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत उतरतं, आणि मातीतलं मीठ सोबत नेतं. किती साधी, किती विचाराने केलेली गोष्ट! म्हणूनच इथे पीक पावसाळ्याचं. पहिल्या सरींनी जमीन धुतली गेली की भात लागतो. जुना वाण राता, लाल दाण्याचा, खारटपणा सोसणारा. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, खालचं मीठ पुन्हा वर चढतं. पुढच्या जूनमध्ये तीच धुलाई नव्याने.

खाडीने इथल्या माणसांनाही वळण लावलं. बांध फुटला, म्हणजे इथल्या बोलीत खांड पडली, की एकाचं शेत बुडत नाही, बांधामागचं सगळं शिवार खारं होतं. त्यातून जोळ पद्धत आली. ज्याची जमीन बांधामागे, त्याच्या घरातून माणूस कामाला येणार. चिखलाची ढेकळं हातोहात पुढे जायची आणि खांड बुजायची. वेळ किती? ओहोटीचे जेमतेम सहा तास.

एवढं राबूनही धान्याचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई. 1933 साली चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी जमीन कसायचं थांबवलं. संप 1939 पर्यंत टिकला. बांधावर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावायची सवय पिढ्यान्‌पिढ्या नसती, तर ही माणसं इतकी वर्षं एकत्र राहिली असती, असं मला वाटत नाही.

पुढे 1948 आणि 1979 चे खारजमिनींचे कायदे आले. बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली, जोळ सैलावली. आता खांड पडली की अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी. त्यात महिने जातात. भरती मात्र दिवसातून दोनदा येते.

आणि हे पाहा. इथे भात होता. खारं पाणी शिरलं, राहिलं, आणि तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली. तिवरांबद्दल माझ्या मनात किंतु नाही. लाटांचा जोर तीच मोडतात, मासळीची पिल्लं त्यांच्याच मुळांत वाढतात. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीला मनाई केली, ती योग्यच होती.

पण ही तिवरं ज्या जमिनीत उभी आहेत, तिच्या सातबाऱ्यावर अजून शेतकऱ्याचंच नाव आहे. तो बांधावर येतो, आपलं खाचर कुठून कुठवर होतं ते हाताने दाखवतो, आणि तिथे आता पाऊल टाकायलाही वाट नाही.