बत्तीस घरांची निवडणूक आणि पंपाची किल्ली

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत निवडणूक म्हटली की डोळ्यांसमोर महापालिकेचे २२७ प्रभाग येतात. पण या शहरात त्याहून पुष्कळ लहान आणि मनाला त्याहून पुष्कळ अधिक लागणारी एक निवडणूक होत असते, ती गृहनिर्माण संस्थेच्या, म्हणजे आपल्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीची. दर पाच वर्षांनी येणारी ही निवडणूक पूर्वी एखाद्या रविवारी सकाळी चहा-बिस्किटांवर उरकत असे, कारण सेक्रेटरी कोण होणार यापेक्षा त्या कटकटीसाठी कोणाची मनधरणी करायची हाच खरा प्रश्न असे. आता अनेक इमारतींत रीतसर पॅनेल उभी राहतात आणि पॅनेलच्या पाठीशी पक्ष उभे राहतात. सोसायटीच्या मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते, पण कोण कोणाचा हे जिना चढता-उतरता सगळ्यांना ठाऊक असते.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीची निवडणूकसुद्धा पक्षचिन्हावर होत नाही. तरीही निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपल्या ग्रामपंचायतींचा आकडा जाहीर करतो आणि त्या सगळ्या आकड्यांची बेरीज केली तर गावे कमी पडावीत अशी अवस्था होते. चिन्ह नसल्याने पक्ष लांब राहतो, हा समज गावात खरा ठरला नाही आणि शहरातही ठरलेला नाही.

पक्षांना बत्तीस घरांच्या सोसायटीत एवढा रस का असावा, याचे पहिले कारण साध्या हिशोबाचे आहे. बत्तीस घरे म्हणजे शंभर-सव्वाशे मते. महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत दक्षिण मुंबईतील प्रभाग क्रमांक २२० मध्ये सुरेंद्र बागलकर आणि अतुल शहा या दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि अखेर चिठ्ठी काढून शहा विजयी झाले. असा निकाल एकदा पाहिलेला कार्यकर्ता एका इमारतीच्या मतांना किरकोळ म्हणेल, हे संभवत नाही. दुसरे कारण आहे पुनर्विकास. त्याकडे मी शेवटी येईन, कारण त्याआधी मला आमच्या इमारतीची हकीकत सांगायची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमची इमारत विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आहे. जुनी, चार मजली, बत्तीस सदनिकांची. खालच्या टाकीत पालिकेचे पाणी पहाटे येते आणि ते पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागते. हे काम चौदा वर्षे आमचे सेक्रेटरी काका करत होते. पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्या दाराआड खिळ्याला लटकलेली असे. समितीच्या अकरा जागांपैकी तीन राखीव जागा पात्र सभासद नसल्यामुळे रिकाम्या राहत, उरलेल्या आठ जागांसाठी मोठ्या मिनतवारीने आठ जण मिळत, आणि निवडणूक बिनविरोध होई.

काही वर्षांपूर्वी पुनर्विकासाची कुणकुण लागली आणि एकाच जानेवारीत आमच्याकडे दोन पॅनेल तयार झाली. आठ आणि आठ, सोळा उमेदवार. बत्तीस घरांत सोळा, म्हणजे दर दोन दारांमागे एक. काकांना दोन्ही पॅनेलनी विचारले नाही, म्हणून त्यांनी सतरावा अर्ज स्वतःच भरला. एका पॅनेलची पत्रके विभागातल्या एका पक्षाच्या संपर्क कार्यालयातून छापून आली. त्यांवर आमच्या उमेदवारांचे फोटो तिकिटाएवढे होते आणि ज्यांनी आमची इमारत कधी पाहिली नव्हती अशा नेत्यांचे फोटो तळहाताएवढे. दुसऱ्या पक्षाने आवारात पेव्हर ब्लॉक बसवून देण्याचे कबूल केले. या पेव्हर ब्लॉकविषयी माझे मत फार वाईट आहे. मुंबईतल्या निम्म्या आवारांतली माती या ठोकळ्यांनी गिळली आहे, आणि त्याला आपण विकास म्हणतो. असो.

संक्रांतीचे हळदीकुंकूही दोन झाले. पहिल्यात वाण म्हणून स्टीलचा झाकणाचा डबा मिळाला, आणि डब्यावर एका इच्छुक नगरसेवकांचे हसरे स्टिकर होते. ते स्टिकर गरम पाण्यात भिजवूनही निघत नसे, हे बत्तीस घरांतल्या बत्तीस ओट्यांवर सिद्ध झाले.

मतदान झाले, मोजणी झाली, एक पॅनेल पूर्ण निवडून आले. काकांना नऊ मते पडली. त्यांनी जागेवरून उठून पंपाची किल्ली नव्या सेक्रेटरींच्या हातात दिली, पावतीवर त्यांची सही घेतली आणि घरी जाऊन दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला वरच्या मजल्यांचे नळ कोरडे पडले. नव्या समितीने खालच्या टाकीत पाणी येण्यापूर्वीच उत्साहाने पंप सुरू केला होता, त्यामुळे पंपाने हवा धरली होती, आणि तो नुसता घोंघावत होता. समितीतल्या एकाने काय करावे? इलेक्ट्रिशियनला नव्हे, पक्षाच्या कार्यालयाला फोन केला. तिकडून मोटारसायकलवर दोन मुले आली. मुले भली होती, पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "पंप कुठाय?" तोवर जिन्यात बादल्या घेऊन बायका उतरल्या होत्या, आणि आदल्या संध्याकाळी एकमेकींशी न बोलणाऱ्या शेजारणी एका सुरात बोलू लागल्या होत्या.

काका गॅलरीत पेपर वाचत बसले होते आणि पान काही उलटत नव्हते. खाली आल्या त्या काकू. त्यांनी आधी ओरडून पंप बंद करायला लावला. "बंद करा तो, जळेल! नुसती हवा ओढतोय." मग पान्याने पंपावरचे बूच उघडले, टाकीत पाणी आले आहे ना ते वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "भांडं द्या कुणीतरी." पुढे आला तो स्टिकरवाला डबा. एक डबा पाणी ओतले, बुडबुडे आले. दुसरा ओतला, बुडबुडे थांबले. बूच आवळले, बटण दाबले, आणि थोड्या वेळाने भिंतीवरच्या पाइपातून पाणी चढल्याचा तो ओळखीचा आवाज आला.

तेव्हा आम्हाला कळले की चौदा वर्षांपैकी निम्म्या पहाटा तो पंप काकूच चालवत होत्या. समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव असतात, त्या दोन जागांसाठी दोन्ही पॅनेलनी मिळून चार नावे दिली होती, आणि काकूंचे नाव कोणाच्याही मनात आले नव्हते. पक्षाला मतांचा हिशोब अचूक ठाऊक होता. पाण्याचा कोणाला ठाऊक आहे, हे त्याने विचारलेच नव्हते. मला वाटते, एवढ्या लहान निवडणुकीत पक्ष आला की नेमके हेच होते. माणूस पंपाच्या, पाण्याच्या, गळक्या गच्चीच्या संदर्भात उभा राहायचा, तो आता कोणाचा म्हणून उभा राहतो. आणि विधानसभेत हरलेला उमेदवार आपल्याला पुन्हा भेटेलच असे नसते, पण सोसायटीत हरलेला उमेदवार समोरच्याच दारात राहतो.

पक्षांची माणसे वाईट असतात, असे माझे म्हणणे मुळीच नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर जवळजवळ चार वर्षे या शहराला नगरसेवक नव्हता, त्या काळात तुंबलेल्या गटाराची तक्रार वॉर्ड ऑफिसात पोहोचवायला हेच कार्यकर्ते कामी आले. पक्षांवाचून माणूस निवडून येतच नाही, असेही नाही. २००७ मध्ये जुहूमधून अॅडॉल्फ डिसूझा नागरिकांचे उमेदवार म्हणून महापालिकेत निवडून गेले होते. परंतु प्रभागाचे राजकारण वेगळे आणि जिन्यातले वेगळे.

आता पुनर्विकासाविषयी, आणि वेळ थोडा उरला आहे म्हणून एकच गोष्ट सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे. त्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, आणि अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे आमच्यासारख्या इमारतीत निवडणुकीची जबाबदारी मुख्यतः सभासदांवरच असते. पण समिती ताब्यात आली म्हणजे पुनर्विकास ताब्यात आला, हा समज चुकीचा आहे. पुन्हा सांगतो, हा समज चुकीचा आहे. विकासक कोण हे समिती ठरवत नाही, सर्वसाधारण सभा ठरवते. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार त्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर असावे लागतात आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. बत्तीस घरांत याचा अर्थ बावीस जण हजर आणि सतरा जणांची संमती. बावीस आणि सतरा, हे आकडे आमच्या इमारतीत आता लहान मुलांनाही पाठ आहेत. आपल्या सोसायटीचे आकडे आपण आज संध्याकाळी काढून ठेवावेत.

आमची ती सभा पुढच्या महिन्यात आहे. सूचना फलकावर सकाळी दहाची वेळ लागली होती. काकूंनी ती खोडायला लावून अकराची करून घेतली, कारण पाण्याची वेळ अलीकडे बदलली आहे आणि दहापर्यंत वरची टाकी भरत नाही.

नमस्कार.