चक्की उभी केली, पण फिरते का?

[दृश्य: सपाट किनारा, जोराचा वारा. जुनं कृष्णधवल चित्रण. तीन पात्यांची एकटी पवनचक्की.]

डेन्मार्कच्या अगदी दक्षिण टोकाला गेडसर नावाचं गाव आहे. १९५७ साली योहानेस यूल नावाच्या इंजिनिअरनं तिथे ही चक्की उभी केली. क्षमता २०० किलोवॉट, पात्यांच्या चक्राचा व्यास २४ मीटर. तिच्या खर्चात मार्शल योजनेतून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं युरोपला दिलेल्या मदतीतून, आलेल्या पैशाचाही वाटा होता. ही चक्की पुढची दहा वर्षं फारशी कुरकुर न करता चालली आणि १९६७ साली बंद झाली. तेल इतकं स्वस्त होतं की वाऱ्याच्या विजेचा हिशेबच जुळेना.

मग आला ऑक्टोबर १९७३. अरब देशांनी तेल रोखलं. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत जवळपास बारावर गेला. डेन्मार्कची ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात केलेल्या तेलावर चालत होती. त्या हिवाळ्यात रविवारी खासगी गाड्या चालवायला बंदी घातली गेली. रिकाम्या हमरस्त्यांवर माणसं सायकली घेऊन उतरली.

[दृश्य: मोकळा हमरस्ता, सायकलस्वार. हळूहळू अंधार.]

सरकारनं नव्या उद्योगाला पैसा द्यावा की बाजारावर सोडून द्यावं, हा वाद तुम्ही अनेकदा ऐकला असेल. त्या वादात एक गोष्ट हमखास निसटते. तेलाच्या त्या धक्क्यानंतर अनेक देशांनी वाऱ्याच्या आणि सूर्याच्या विजेवर पैसा लावला. कुणाचा उद्योग उभा राहिला, कुणाचं भंगार झालं. फरक पडला तो पैसा कुणाच्या हातात आणि कोणत्या अटीवर दिला यामुळे. म्हणून ही गोष्ट जरा तपशिलात सांगायला हवी.

सुरुवात जर्मनीपासून. संशोधन मंत्रालयानं ठरवलं, करायचं तर भव्य करायचं. उत्तर समुद्राच्या काठी काइझर-विल्हेल्म-कोग इथे १९८३ साली 'ग्रोविआन' उभी राहिली. दोन पाती, चक्राचा व्यास १०० मीटर, क्षमता तीन मेगावॉट. म्हणजे गेडसरच्या चक्कीच्या पंधरा पट. अनुभव नसताना एकदम पंधरा पट! धातूला तडे जाऊ लागले, दुरुस्त्या निघत राहिल्या. १९८७ पर्यंत ती सगळी मिळून जेमतेम ४२० तास चालली आणि पुढच्या वर्षी उतरवली गेली. ४२० तास म्हणजे अठरा दिवससुद्धा नाहीत.

डेन्मार्कमध्ये मात्र गोष्ट एका सुताराच्या घरामागे सुरू झाली.

[दृश्य: लाकडी कारखाना, रंधा, भुसा. बाहेर छोटी चक्की.]

हेर्निंगजवळच्या लिंड गावात क्रिस्तियान रीसागर हा सुतार. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यानं यूलच्या चक्कीचाच कित्ता छोट्या मापात गिरवला. मिळतील ते सुटे भाग घेतले, २२ किलोवॉटचं यंत्र बनवलं आणि सरळ घराच्या वायरिंगला जोडून दिलं. वारा सुटला आणि घरचा मीटर उलटा फिरू लागला.

असे हौशी लोक तेव्हा डेन्मार्कभर होते. लोहार होते, शेतीची अवजारं बनवणारे होते, शाळामास्तर होते. देशाला या विषयाची जुनी ओळखही होती. १८९१ पासून आस्कोव्हच्या लोकशाळेत पोल ला कूर हे शिक्षक चक्कीतून वीज काढत होते आणि त्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन वेगळा करून शाळेतले दिवे लावत होते. तरुण यूल त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

सरकार यात उतरलं ते उशिरा आणि बेतानं. १९७८ साली रिसो इथल्या संशोधन केंद्रात छोट्या चक्क्यांसाठी चाचणी केंद्र सुरू झालं. मोजकीच माणसं होती तिथे. १९७९ पासून चक्की विकत घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्के अनुदान मिळू लागलं. त्याला एक अट होती. ज्या चक्कीला रिसोची मंजुरी, तिलाच अनुदान.

या अटीनं काय घडवलं ते जवळून बघण्यासारखं आहे.

[दृश्य: पात्याच्या टोकाचा जवळून घेतलेला शॉट. टोक सरकतं, वळतं.]

चक्कीचा खरा शत्रू वादळ. चालू चक्कीवर विजेच्या जाळ्याचा भार असतो आणि तो भारच तिला आवरून धरतो. वादळात तारा तुटल्या की तो भार एका क्षणात नाहीसा होतो आणि पाती बेफाम सुटतात. वेग वाढत जातो, शेवटी पातं निखळतं. त्या सुरुवातीच्या वर्षांत अशा चक्क्या खरोखर फुटल्या. म्हणून रिसोनं आग्रह धरला, एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत. त्यातला एक म्हणजे हे पात्याचं टोक. शेवटचा तुकडा वेगळा बनवलेला, आतून स्प्रिंगनं ओढून धरलेला. वेग ठरल्यापुढे गेला की फिरण्याच्या जोरानंच तो बाहेर खेचला जातो आणि बाहेर येता येता वळून वाऱ्याला आडवा होतो. एवढ्याशा आडव्या तुकड्यानं अख्खी चक्की मंदावते. वीज नको, बटण नको, रात्री कुणी जागं असायला नको. पात्याच्या टोकानं ब्रेक लावायची कल्पना मुळात यूलच्या गेडसरच्या चक्कीतली. पण जी चक्की विकायची तिला तो लावलाच पाहिजे, हे ठरलं अनुदानाच्या कागदामुळे.

रिसोचे इंजिनिअर आणि कारखानदार यांचं नातं परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्यासारखं राहिलं नाही. चक्की नापास झाली तर ती का झाली, काय बदलावं, हे तिथेच बसून ठरायचं. शिवाय चक्क्यांच्या मालकांनी आपली संघटना काढली होती. कोणत्या बनावटीच्या चक्कीनं किती वीज दिली, काय मोडलं, याचे आकडे ती संघटना छापायची. लपवायला जागाच नव्हती. आणि मालक कोण? त्याच परिसरात राहणारी माणसं. तसा नियमही होता. शेजारपाजारची कुटुंबं भाग घेऊन एक चक्की लावायची. किमतीचा ७० टक्के भार त्यांचा स्वतःचा होता. रात्री चक्कीचा आवाज बदलला तर ज्याला जाग येते तोच तिचा मालक. माझ्या मते ही त्या व्यवस्थेची सर्वांत मोठी ताकद.

अनुदानाची टक्केवारी पुढे कमी होत गेली आणि १९८९ मध्ये ते बंद झालं. तोवर चक्क्या पुष्कळ स्वस्त आणि भक्कम झाल्या होत्या.

[दृश्य: कॅलिफोर्निया, गवताळ पिवळ्या टेकड्या. शेकडो चक्क्या, काहींची पाती गळालेली.]

याच काळात कॅलिफोर्नियात पैशाचा पूर आला. केंद्र आणि राज्य, दोन्हींच्या करसवलती एकत्र केल्या तर चक्कीवरच्या गुंतवणुकीचा जवळपास निम्मा भाग परत मिळायचा. आल्टामॉन्ट पास, तेहाचापी, सॅन गोर्गोनिओ इथल्या टेकड्या बघता बघता चक्क्यांनी भरल्या. सवलत मिळायची ती चक्कीवर घातलेल्या पैशावर. ती किती वीज देते याच्याशी सवलतीचा संबंध नव्हता आणि रिसोसारखी परीक्षाही नव्हती. ३१ डिसेंबरच्या आत चक्की उभी दिसली म्हणजे त्या वर्षाचा कर वाचला. गुंतवणूकदार दूर शहरात राहणारे, कित्येकांनी आपली चक्की पाहिलीही नसेल. डिसेंबरात घाईघाईनं उभ्या केलेल्या कितीतरी चक्क्या पुढच्याच वादळात निकामी झाल्या.

आणि इथे डेन्मार्कची मेहनत फळाला आली. अमेरिकी बनावटीच्या हलक्या चक्क्या मोडत होत्या तेव्हा रिसोतून पास झालेल्या जड, साध्या, तीन पात्यांच्या डॅनिश चक्क्या टिकल्या. जहाजं भरभरून त्या कॅलिफोर्नियाला गेल्या.

पण १९८५ संपलं आणि अमेरिकेची केंद्रीय करसवलतही संपली. मागणी कोसळली. आज जगभर नाव असलेली वेस्टास ही डॅनिश कंपनी १९८६ साली आपली देणी चुकवू शकली नाही आणि १९८७ मध्ये तिला फक्त पवनचक्क्यांवर लक्ष देत नव्यानं उभं राहावं लागलं. मदत संपणं वाईट नाही, ती कधी ना कधी संपलीच पाहिजे. पण एका तारखेला सगळंच तोडलं की चांगलं यंत्र बनवणाराही त्याखाली सापडतो.

[दृश्य: उतरती छपरं, त्यावर निळसर सोलर पॅनल.]

जर्मनीनं ग्रोविआनपासून धडा घेतला असं मला वाटतं. १९९१ पासून तिथे कायदाच लागू झाला की वीज कंपनीनं वाऱ्याची आणि सूर्याची वीज घेतलीच पाहिजे, ठरल्या दरानं. आधी मोठं यंत्र बांधायला पैसा दिला जात होता, आता तयार झालेल्या प्रत्येक युनिटला दिला जाऊ लागला. पण सोलरला तो दर अगदीच अपुरा होता. तेव्हा हामेलबुर्ग, आखेन यांसारख्या गावांनी स्वतःच पुढाकार घेतला आणि खर्च भरून निघेल असा दर द्यायला सुरुवात केली. हामेलबुर्गमध्ये यासाठी धडपडणारे हान्स-योझेफ फेल पुढे संसदेत गेले. खासदार हेरमान शेअर आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी देशभरासाठी कायदा घडवला. तो १ एप्रिल २००० ला लागू झाला.

त्याची रचना साधी होती. छपरावर पॅनल लावा, प्रत्येक युनिटला ९९ फेनिग, म्हणजे साधारण अर्धा युरो मिळेल. हा दर तुमच्यासाठी वीस वर्षं पक्का. पण उशिरा येणाऱ्याला कमी. २००२ पासून दर वर्षी नव्या पॅनलचा दर पाच टक्क्यांनी उतरणार, हे कायद्यातच लिहिलेलं. त्यामुळे शेतकरी किंवा शिक्षक बँकेत गेला तरी त्याच्याकडे दाखवायला पक्कं उत्पन्न होतं. आणि पॅनल बनवणाऱ्याला कळत होतं की पुढच्या वर्षी आपल्याला स्वस्तात बनवावं लागेल. जपाननंही १९९४ पासून घरांच्या छपरांसाठी असंच उतरतं अनुदान दिलं होतं, सुरुवातीला निम्म्या खर्चाचं.

पाठोपाठ स्पेननं २००७ मध्ये भरघोस दर जाहीर केला. पण पॅनलच्या किमती घसरल्या तरी दर वेळेवर उतरले नाहीत आणि किती लोकांना तो द्यायचा याला खरा आवर नव्हता. २००८ या एकाच वर्षात अडीच हजार मेगावॉटहून जास्त पॅनल लागली. बोजा पेलेना, तेव्हा सरकारनं आधी कबूल केलेल्या दरांनाच कात्री लावली. ज्यांनी कर्ज काढून पॅनल लावली ती माणसं अडकली, परदेशी गुंतवणूकदार लवादात गेले. दिलेला शब्द मागे घेणं मला कमी दर देण्यापेक्षा कितीतरी मोठी चूक वाटते.

[दृश्य: कारखाना. सिलिकॉनच्या पातळ चकत्या यंत्रातून पुढे सरकतात.]

जर्मन मागणीचा फायदा कुणाला झाला? सुरुवातीला जर्मन कारखान्यांना. बिटरफेल्डजवळच्या थालहाइमची क्यू-सेल्स काही काळ जगातली सर्वांत मोठी सोलर सेल बनवणारी कंपनी होती. पण तिकडे चीनमध्ये वुशी शहराच्या सरकारनं २००१ साली शी झेंगरोंग या शास्त्रज्ञाला भांडवल उभं करून दिलं. ते ऑस्ट्रेलियात शिकलेले. त्यांची सनटेक २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोचली. पाठोपाठ शेकडो कंपन्या उतरल्या, त्यांना स्वस्त कर्ज, स्वस्त जमीन मिळाली. एप्रिल २०१२ मध्ये क्यू-सेल्सनं दिवाळखोरी जाहीर केली. वर्षभरात सनटेकचीही कर्जफेड थकली. आज पॅनल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे. सगळी अंडी एकाच टोपलीत, ही काळजी खरी आहे. पण १९७६ पासून आजपर्यंत, महागाई वजा करून, पॅनलची किंमत ९९ टक्क्यांहून जास्त उतरली हेही खरं आहे. जगात लागलेल्या पॅनलचा एकूण आकडा दुप्पट झाला की किंमत साधारण पाचव्या हिश्शानं कमी होते, असं या उद्योगात अनेक दशकं दिसत आलं आहे. त्यातल्या बऱ्याच दुप्पटी जर्मन घरांच्या वीजबिलातून झाल्या.

या बिलाचीही नोंद घेतली पाहिजे. हमी दराचा खर्च बिलावरच्या अधिभारातून वसूल व्हायचा. २०१७ मध्ये तो युनिटमागे ६.८८ सेंटपर्यंत गेला. खूप वीज वापरणाऱ्या मोठ्या उद्योगांना त्यात मोठी सूट होती, कारण ते देश सोडून जातील अशी भीती होती. उरलेला भार घरांवर आणि छोट्या धंद्यांवर. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, स्वतःचं छप्परच नसलेल्या बाईनंही शेजारच्या बंगल्यावरच्या पॅनलसाठी पैसे मोजले. हा अन्याय होता आणि तो फार वर्षं चालला. जुलै २०२२ मध्ये अधिभार शून्यावर आला आणि खर्च सरकारी तिजोरीकडे गेला.

कर्जाच्या रूपात दिलेली मदत असेल तर हिशेब आणखी अवघड. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं २००९ मध्ये सोलिंड्रा या सोलर कंपनीच्या ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. २०११ मध्ये कंपनी बुडाली आणि त्यावरून प्रचंड गदारोळ झाला. त्याच खात्यानं २०१० मध्ये टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर कर्ज दिलं. ते २०१३ मध्ये, मुदतीच्या नऊ वर्षं आधी फिटलं. लोकांनी बुडीत कर्ज सोसलं, पण जिंकलेल्या डावात त्यांच्या वाट्याला आलं ते मुद्दल आणि व्याज. टेस्लाची किंमत नंतर कितीतरी पटींनी वाढली, तिच्यात त्यांना भाग नव्हता. अशी कर्जं देताना सरकारनं नफ्यातही थोडा हिस्सा लिहून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: पुन्हा जर्मनीतलं छप्पर. पॅनलच्या चौकटीवर शेवाळाची बारीक रेघ.]

३१ डिसेंबर २०२० च्या मध्यरात्री जर्मनीतल्या सर्वांत जुन्या हमी करारांची वीस वर्षं संपली. अर्ध्या युरोचा दर गेला. आता जाळ्यात सोडलेल्या विजेला बाजारभाव मिळतो, त्यातूनही विक्रीचा थोडा खर्च वजा. काहींनी बॅटरी बसवून वीज घरातच वापरायला घेतली, काहींनी नवी पॅनल मागवली. बाकीच्यांनी छपरावर काहीच बदललं नाही. वायर तीच, मीटर तोच. पूर्वीपेक्षा जराशी कमी, पण वीज येत राहिली.