‘नुसते वाहक’

नमस्कार. विषय ‘यकृताच्या कॅन्सरचे उपचार’ असा जाहीर झालाय, त्याकडे मी येतोच. पण आधी मला ‘वाहक’ या एका शब्दाबद्दल बोलायचंय. अंगात विषाणू आहे, पण आजार दिसत नाही, अशा माणसाला हा शब्द लावतात.

बेचाळिशीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. उजव्या बरगडीखाली महिनाभर जड वाटत होतं. त्यांच्या फाइलच्या तळाशी रक्तपेढीचं पत्र होतं, घड्यांवर फाटत आलेलं. अकरा वर्षांपूर्वी रक्तदान करताना हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला लागणारा एक विषाणू, सापडला होता. तेव्हा ते एका दवाखान्यात गेले, तिथे सांगितलं गेलं, ‘तुम्ही नुसते वाहक आहात, काही करायला नको.’ पत्रावरच निळ्या शाईत ‘वाहक’ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. ठणठणीत असल्याचा दाखला म्हणून त्यांनी तो कागद जपला. सोनोग्राफी आणि सीटी केलं, तर नऊ सेंटिमीटरची गाठ, आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेत शिरलेली. ‘पण डॉक्टर, दुखलं कधीच नाही हो.’

दुखणार कसं? वेदना कळते ती यकृताच्या वरच्या आवरणाला. आतल्या भागाला जवळपास कळतच नाही. गाठ आवरण ताणेपर्यंत माणूस हिंडतो, फिरतो, कामाला जातो. म्हणून त्या ‘नुसते’चा मला राग येतो. हा विषाणू यकृताच्या पेशींच्या डीएनएमध्ये स्वतःचे तुकडे घुसवतो, त्यामुळे सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणं, नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. हिपॅटायटिस सीचा विषाणू, दारू किंवा फॅटी लिव्हर असेल तर बहुधा आधी सिरॉसिस होतो. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना बीची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला. लस हा कॅन्सर अडवते, हे घरोघरी सांगायला हवं!

तर, आम्ही त्यांच्या धाकट्या भावाला तपासलं. विषाणू त्यालाही होता, आणि यकृतात सिरॉसिसची सुरुवात. आईकडून जन्माच्या वेळी मुलांना लागण होते, म्हणून भावंडं तपासायचीच. त्याच्या गोळ्या सुरू केल्या. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही या कॅन्सरचा सुगावा देणारी रक्ततपासणी. एकदाही तारीख चुकवली नाही त्याने. चौथ्या खेपेला दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. बाहेरून सुई घालून मायक्रोवेव्हने ती जाळली.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

इथे आजार दोन असतात, गाठ आणि मुळातलं खराब यकृत. उपचार दोन्ही पाहून ठरतो. बाकीचं यकृत चांगलं असेल तर तेवढा भाग कापून काढतात. सिरॉसिस असेल आणि गाठ एकच, पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येकी तीन सेंटिमीटरच्या आत, तर प्रत्यारोपणाने दोन्ही आजार जातात. हे १९९६ चे मिलान निकष. लहान गाठ सुईने जाळता येते. गाठी अनेक असतील तर टेस (TACE) हा उपचार. चांगल्या यकृताला बरंचसं रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, गाठ मात्र धमनीवर जगते. म्हणून धमनीतून औषध सोडून तो पुरवठा बंद करायचा. आजार शिरेत शिरला किंवा बाहेर पसरला की औषधं. आधी सोराफेनिबच्या गोळ्या होत्या. २०२० मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या औषधांची जोडी सोराफेनिबपेक्षा सरस ठरली. थोरल्या भावाला तीच दिली. गाठ आटली, पण गेली नाही.

वेळ संपली. कुणाच्या फाइलमध्ये असं पत्र असेल तर ते घेऊन या, मी खाली दाराशी थांबतोय.