पाडलेला पब पुन्हा बांधायला लावला त्याची गोष्ट
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित)

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेतल्या काकूंनी मगाशीच विचारलं, ‘पबवर भाषण? घरी सांगितलंयस का?’ सांगितलंय, काकू!

लंडनमधल्या किलबर्न पार्क स्टेशनजवळचा कार्लटन टॅव्हर्न हा पब तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तिथला आधीचा पब पहिल्या महायुद्धात बॉम्बनं उडाला. मग चॅरिंग्टन या बिअरवाल्या कंपनीनं १९२०-२१ मध्ये फ्रँक पॉटर या आर्किटेक्टकडून नवा बांधून घेतला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातून तो वाचला. पण २०१५ मध्ये त्याची गाठ बिल्डरशी पडली.

नव्या मालकाला तिथे फ्लॅट काढायचे होते. वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या पालिकेनं, परवानगी नाकारली. इकडे हिस्टॉरिक इंग्लंड ही जुन्या वास्तू जपणारी सरकारी संस्था हा पब संरक्षित वास्तूंच्या यादीत ‘ग्रेड टू’ या श्रेणीत घ्यावा अशी शिफारस करणार होती. दोनच दिवस उरले होते. ईस्टरच्या सुट्टीत पब चालवणाऱ्या बाईंना निरोप आला, मालाची मोजदाद करायची आहे, बंद ठेवा. त्या परत येऊन बघतात तर बुलडोझर चाललेला. पुढची एक भिंत आणि बाकी ढिगारा.

आपल्याकडे असं झालं की आपण ‘चालायचंच’ म्हणतो. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हा मीही तेच म्हणालो. आज त्याचा एक धड फोटो घरात नाही.

इथल्या रहिवाशांना मात्र आधीच वास आला होता. यादीत नोंद व्हावी म्हणून त्यांनीच अर्ज केला होता, आणि त्या निमित्तानं इमारतीचे बारकाईनं फोटो निघाले, फरशांचे प्लास्टरमध्ये साचे घेतले गेले. त्यामुळे कौन्सिलनं ‘होता तसा बांधा’ असा हुकूम काढला तेव्हा ‘कसा होता ते कुणाला आठवतंय?’ म्हणायची सोयच उरली नाही. मालक अपिलात गेला, जाहीर सुनावणी झाली, २०१६ मध्ये तिथेही हरला. ढिगाऱ्यातल्या विटा आणि फरशा निवडून काढून जमतील तेवढ्या परत बसवल्या.

पब उघडला एप्रिल २०२१ मध्ये. सहा वर्षं लोकांनी वाट पाहिली ती आत बसायची, आणि नेमके कोविडचे नियम आडवे आले, ग्राहकांना फक्त बाहेर बसायची मुभा. सकाळी लंडनमध्ये चक्क बर्फ भुरभुरला होता!