मेहली मेहतांचा गज

(एका संगीत मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आकाशवाणीचं केंद्र सुरू होताना वाजणारी ती धून इथल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाच्या कानात असणार. मागे तंबोरा आणि पुढे एकटं व्हायोलिन. ती धून 1936 च्या सुमारास वॉल्टर कॉफमन यांनी बांधली. कॉफमन ज्यू होते, नाझींच्या सावटातून निसटून मुंबईला आले होते. त्यातलं व्हायोलिन मेहली मेहता यांनी वाजवलं असं सांगितलं जातं. कॉफमन आणि मेहली मुंबईत चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या, मैफलींत एकत्र वाजवत असत, त्यामुळे ही गोष्ट पटण्यासारखी आहे. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांनी मेहली मेहतांचं व्हायोलिन शेकडो वेळा ऐकलंय, तेही दात घासता घासता, आणि नाव मात्र माहीत नाही.

नाव माहीत असलंच तर ते "झुबिनचे वडील" म्हणून, म्हणजे कंडक्टर झुबिन मेहतांचे. आज ते नातं जरा बाजूला ठेवू या. मेहली मेहता 1908 साली मुंबईत जन्मले आणि 2002 साली लॉस एंजेलिसमध्ये गेले. चौऱ्याण्णव वर्षांचं आयुष्य. त्यातला सर्वांत भरीव काळ मी 1964 नंतरचा मानतो. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. आपल्याकडे त्या वयात माणूस पेन्शनचे कागद जुळवायला लागतो!

आधी मुंबईचं बघू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे पाश्चात्त्य व्हायोलिन शिकायचं तर सोय काय होती? पियानो शिकवणाऱ्या बाया होत्या, चर्च होती, हॉटेलांतले बँड होते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा मुंबईत बसून देता येत, त्या मेहलींनी दिल्या. पण परीक्षा वेगळी आणि हातावर हात धरून गज, म्हणजे व्हायोलिनचा बो, फिरवायला शिकवणारा गुरू वेगळा. तो त्यांना इथे मिळाला नाही. बरंचसं त्यांनी आपल्या हिमतीवर उभं केलं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मी स्वतः मांडी घालून वाजवणारा माणूस. त्याच काळात, त्याच शहरात, दुसरंही व्हायोलिन वाढत होतं. गजाननबुवा जोशी ख्याल गात आणि व्हायोलिनवरही तोच ख्याल काढत. वाईचे विष्णू गोविंद जोग पुढे लखनौला आणि मग कलकत्त्याला गेले. वाद्य तेच, तारा चारच, पण आपण त्याचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवतो आणि डावा हात मोकळा सोडतो, म्हणून मींड लांबवर घसरत जाते. पाश्चात्त्य पद्धतीचे वादक ते हनुवटीखाली धरतात. गिरगावातलं व्हायोलिन आणि फोर्ट-कुलाब्यातलं व्हायोलिन यांच्यात ट्रामची पंधरा-वीस मिनिटं, पण त्यांची गाठ पडल्याचं फारसं कुठे ऐकू येत नाही. मला याचं नेहमी नवल वाटत आलंय.

असो. 1935 मध्ये मेहलींनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आधी ते त्याचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या खुर्चीवरचे मुख्य व्हायोलिनवादक होते, पुढे कंडक्टर झाले. 1940 मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तारवाद्यांचा गटही काढला. वाद्यवृंदात कोण होतं बघा: पारशी हौशी मंडळी, युरोपातून पळून आलेले ज्यू वादक, फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधले लोक, आणि तारवाद्यांत मोठ्या संख्येनं गोवेकर. हे गोवेकर आभाळातून पडले नव्हते. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चला जोडून शाळा असत, तिथे मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना आधी नोटेशन वाचायला शिकवी आणि मग हातात व्हायोलिन देई. मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंतल्या तारवाद्यांची परंपरा तिथूनच आली. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे. गोवेकराला स्टुडिओत रेकॉर्डिंगचे रोख पैसे मिळत. सिम्फनीत बहुतेक वेळा टाळ्या मिळत. त्यानं काय निवडावं यावर मी काही बोलणार नाही.

आता मुद्द्याच्या जागी येतो. 1945 साल, युद्ध संपलेलं. मेहली सदतीस वर्षांचे. घरी पत्नी तेहमिना, नऊ वर्षांचा झुबिन आणि त्याच्याहून धाकटा झरिन. आणि हा गृहस्थ न्यूयॉर्कला शिकायला जातो. काही महिन्यांसाठी नव्हे, काही वर्षांसाठी. शहरातल्या वाद्यवृंदाचा संस्थापक, पहिल्या खुर्चीवर बसणारा माणूस, पुन्हा विद्यार्थी होतो. आणि गुरू कोण? इव्हान गॅलामियन. ताब्रीझमध्ये जन्मलेले आर्मेनियन, मॉस्कोत शिकलेले, पॅरिसमध्ये शिकवून अमेरिकेत आलेले. वय? शिष्यापेक्षा फक्त पाच वर्षांनी मोठे.

गॅलामियन काय शिकवत हे सांगितल्याशिवाय मेहलींची पुढची कारकीर्द कळत नाही, म्हणून जरा थांबतो. त्यांची एक सरगम आहे. तीन सप्तकं चढत जायचं. वरचा षड्ज मोजला नाही तर चढताना एकवीस स्वर होतात. त्यांनी तळाशी षड्जापाशी तीन स्वरांचा एक वळसा घातला आणि एकवीसचे चोवीस केले. चोवीसच का? कारण चोवीसला दोननं भाग जातो, तीननं जातो, चारनं, सहानं, आठनं, बारानं जातो. मग मेट्रोनोम लावायचा आणि ठोका अजिबात न बदलता एका गजात आधी दोन स्वर, मग तीन, मग चार, सहा, आठ, बारा आणि शेवटी चोवीसच्या चोवीस स्वर एका गजात. आपले पलटे असतात तसंच, पण इथे खरी परीक्षा उजव्या हाताची. बोटं पळतात हो, सगळ्यांची पळतात. चोवीस स्वर येईस्तोवर गज पुरवून वापरणं आणि त्यातलं ऐकूही येऊ न देणं, तिथे घाम फुटतो. मी हे स्वतः करून बघितलं आहे. आठपर्यंत माणूस खुशीत असतो, बारापाशी गजाची टोकं जवळ आल्यासारखी वाटायला लागतात.

हे एकट्या सोलो वाजवणाऱ्याला उपयोगी आहेच. पण वाद्यवृंदात तर त्याला पर्यायच नाही. पहिल्या व्हायोलिनच्या रांगेत चौदा-सोळा माणसं बसतात. सगळ्यांचे गज एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली, आणि गजाचा तोच भाग तारेवर. एकानं मधला भाग वापरला आणि शेजाऱ्यानं टोक, तर सूर दोघांचा बरोबर असूनही आवाज फाटतो. कॉन्सर्टमास्टर म्हणूनच कागदावर पेन्सिलीनं गजाच्या खुणा करतो आणि त्या खुणा मागच्या प्रत्येक स्टँडवर उतरवल्या जातात. गॅलामियननं गजाचा असा हिशेब मांडून दिला की तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे देता येतो. मेहलींनी न्यूयॉर्कहून मुंबईला आणलं ते हे. त्यांच्याच काळात, 1948 मध्ये, गॅलामियनच्या हाताखाली डोरोथी डिले नावाची तरुण बाई मदतनीस म्हणून लागली. पुढे इझाक पर्लमनपासून कितीतरी जण तिच्या हाताखालून गेले. मेहली आणि डिले, दोघांचं मूळ एकच.

परत आल्यावर मेहलींनी मुंबईत जीव तोडून प्रयत्न केला. पण देश स्वतंत्र झाला होता, इंग्रज श्रोते आणि आश्रयदाते घरी गेले होते, निर्वासित वादक पुढच्या देशांना निघत होते. नवीन सरकारला पाश्चात्त्य सिम्फनीवर पैसा घालायचं कारण नव्हतं, आणि त्यात सरकारचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वाद्यवृंद एका माणसाच्या जिद्दीवर दहा-वीस वर्षं चालतो. पुढे चालायचा तर दरवर्षी खालून नवे वादक यावे लागतात आणि ते तयार करणारे शिक्षक डझनांनी लागतात. मुंबईत तेव्हा ते नव्हते.

झुबिन 1954 मध्ये व्हिएन्नाला गेला. पुढच्याच वर्षी मेहलींनी मँचेस्टर गाठलं आणि हॅले ऑर्केस्ट्रात दाखल झाले. तिथे कंडक्टर जॉन बार्बिरोली. मुंबईत जो माणूस काठी घेऊन उभा राहायचा तो आता दुसऱ्याच्या काठीकडे बघून वाजवू लागला. आज मँचेस्टर, उद्या शेफील्ड, परवा ब्रॅडफर्ड, पाऊस आणि थंडी. त्यांचं सत्तेचाळिसावं वर्ष चालू होतं. चार-पाच वर्षांनी ते फिलाडेल्फियाला गेले आणि कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसरं व्हायोलिन वाजवू लागले. दुसरं व्हायोलिन म्हणजे कमी दर्जाचं, हा गैरसमज इथे कुणाच्या मनात असेल तर काढून टाका. चौघांच्या मधोमध बसून वरच्या आवाजाला टेकू द्यायचा आणि खालच्या दोघांशी सूर जुळवायचा. चांगला दुसरा व्हायोलिनवादक सगळ्यांचं ऐकतो. माझ्या मते शिक्षक व्हायला याहून चांगली तालीम नाही. त्या क्वार्टेटच्या मंडळींचं न्यू स्कूल ऑफ म्युझिक होतं, वाद्यवृंदात वाजवणारे घडवायचे हाच त्याचा उद्देश. मेहली तिथे शिकवायलाही लागले.

आणि मग 1964. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं त्यांना बोलावलं आणि त्याच साली त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली. शाळेच्या शेवटच्या वर्षांतली आणि कॉलेजातली मुलं-मुली, वादनावर पोट भरायचं स्वप्न बघणारी. विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये कार्यक्रम, तेही विनातिकीट. त्या वेळी त्याच शहराच्या फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते झुबिन मेहता. मुलगा तयार वादकांना घेऊन वाजवतो आणि वडील त्याच गावात कोवळी पोरं तयार करतात! लोकांनी पोराकडे बघितलं, ते साहजिक होतं. पण या मुलांतली कितीतरी पुढे अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांत जाऊन बसली, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकमध्येसुद्धा.

मेहलींनी हा वाद्यवृंद 1998 पर्यंत, म्हणजे नव्वदीपर्यंत चालवला. चौतीस वर्षं. हा हिशेब जरा मनात घोळवा. मुंबईत त्यांच्याकडे माणसं होती, पण ती कुठून कुठून गोळा केलेली. इथे दर दोन-चार वर्षांनी जुनी पिढी बाहेर जाते, नवी आत येते, आणि म्हातारा त्याच पहिल्या पाठापासून, गज कुठे धरायचा तिथपासून, पुन्हा सुरुवात करतो. सोलोवादकाला याचा कंटाळा येईल. मेहलींना आला नाही, आणि म्हणून मी त्यांना आधी शिक्षक म्हणतो आणि मग वादक.

ते गेल्यानंतर ती यूथ सिम्फनी वीस-बावीस वर्षं चालली आणि 2024 मध्ये पैशाअभावी बंद झाली. अमेरिकेतही असं होतं. आपल्या मुंबईत 2006 साली एनसीपीएमध्ये, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, त्यात सुरुवातीला मोठा भरणा कझाकस्तानसारख्या देशांतून आलेल्या वादकांचा होता. का, ते आता तुम्हाला मी सांगायला नको. त्याआधीच, 1995 मध्ये, मेहलींच्या नावानं मुंबईत एक फाउंडेशन निघालं आहे, तिथे लहान मुलांना शिकवतात. इथे बसलेल्यांपैकी कुणाचं नातवंड तिकडे जात असेल तर त्याच्या वादनात बोटांकडे बघू नका. उजव्या हाताकडे बघा, आणि गज तारेला काटकोनात राहतो का ते मला येऊन सांगा.