कार्ब्युरेटर स्वस्त, पण कुठपर्यंत?

जुन्या गाडीच्या इंजिनाला पेट्रोल पाजायचे दोन मार्ग: टेबलावर डावीकडे आहे चार बॅरलचा, म्हणजे हवेच्या चार वाटांचा कार्ब्युरेटर आणि उजवीकडे इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या यंत्रणेची थ्रॉटल बॉडी. दिसायला सख्खी भावंडं, बसतातही त्याच मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावर. किमतीत मात्र उजवीकडची बरीच भारी. बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो.

इंजेक्शनचं बिल खरं फुगतं ते गाडीच्या मागच्या टोकाला, टाकीपाशी. कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय (दाबाचं एकक) दाबाचं पेट्रोल पुरतं, आणि इंजिनावरचा साधा यांत्रिक पंप तेवढं देतो. इंजेक्शनच्या फवारणीच्या तोटीला, इंजेक्टरला, साधारण ४३ ते ५८ पीएसआय दाब लागतो. म्हणजे इलेक्ट्रिक पंप आला. त्यामागून जादा दाब सोसणारे पाइप, रेग्युलेटर, बऱ्याचदा टाकीकडे परतणारी लाइनही. जुन्या टाकीत आडवे पडदे नसतील, तर लांबलचक वळणावर पेट्रोल एका कडेला सरकतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन ऐन रंगात आलेलं असताना आचके देतं. मग टाकीतही हात घाला! त्यात ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), सेन्सर आणि वायरिंग. इंजेक्शनच्या तयार किटच्या किमतीत हे सगळं असेलच असं नाही.

कार्ब्युरेटर एकरकमी मागत नाही, हप्त्यांनी वसूल करतो. पेट्रोल मोजून सोडणारा हा पितळी जेट पाहा. याचं भोक केसभर मोठं झालं, तरी मिश्रण बदलतं. पूर्ण ताकदीसाठी एक भाग पेट्रोलला साधारण १२.५ ते १३ भाग हवा हवी. ती जुळेपर्यंत जेट बदला, डायनोचं, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचं भाडं भरा. उंचावर हवा विरळ झाली, की तोच जेट इंजिनाला जास्त पेट्रोल पाजतो, प्लग काळे पडतात. इंजेक्शनमध्ये ही दुरुस्ती ईसीयू चालत्या गाडीत करतो.

ताकदीचा वाद मात्र फुकटचा. अमेरिकेतल्या नॅसकार मोटारशर्यतींच्या कप मालिकेत २०११पर्यंत कार्ब्युरेटरच होते. इंजेक्शन आलं २०१२मध्ये.

गाडी फक्त ड्रॅग शर्यतीपुरती, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या धावेपुरती असेल, तर आमच्या मते इंजेक्शनवर पैसे घालू नयेत. रोज फिरवायची किंवा पुढेमागे टर्बो चढवायचा असेल, तर घालावेत, पण टाकीपासून सुरुवात करून. आणि प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर बदलायला आलाच असेल, तर त्याचा खर्च इंजेक्शनच्या बिलातून आधी वजा करा. बऱ्याच किटमधला ईसीयू इग्निशनही, म्हणजे ठिणगीचं कामही सांभाळतो.