‘तुला जमेल’ एवढं म्हणून भागत नाही

(शिक्षक आणि पालकांसमोरच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय जाहीर झालाय तो ‘मला जमणार नाही ही समजूत आणि कोचिंग’. कोचिंग म्हटल्यावर तुमच्यापुढे दहावी-बारावीचे क्लास आले असतील. मी बोलणार आहे ते वेगळ्या कोचबद्दल. एकेका माणसाबरोबर बसून त्याचं नेमकं कुठे अडतंय ते शोधणारा आणि सराव करून घेणारा कोच. पण आधी एका गोष्टीचा निकाल लावू द्या, फार वर्षं मनात आहे.

रॉजर बॅनिस्टरची गोष्ट किती जणांनी ऐकलीय? बघा, निम्मं सभागृह! शिबिरात ती अशी सांगतात: चार मिनिटांच्या आत मैल धावणं माणसाला अशक्य, असं सगळे मानायचे. बॅनिस्टरने मनाशी ठरवलं आणि तो धावला. मनातली भिंत पडली, मग वर्षभरात डझनावारी लोक धावले. टाळ्या होतात, आपण भारावून घरी जातो आणि सोमवारी होतो तिथेच असतो.

आता खरं काय झालं ते बघा. स्वीडनचा गुंडर हेग 1945 मध्येच 4 मिनिटं 1.4 सेकंदांत मैल धावला होता. म्हणजे उरलं होतं दीड सेकंद! ते नऊ वर्षं कुणाला तोडता आलं नाही. बॅनिस्टर लंडनमध्ये डॉक्टरकी शिकत होता. फ्रांझ स्टॅम्फल या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाने त्याला आणि त्याचे मित्र ब्रॅशर आणि चॅटअवे यांना एकच सराव लावून दिला: पाव मैल, दहा वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबायचं. चार मिनिटांचा मैल म्हणजे पाव मैलाला साठ सेकंद. हे तिघे एकसष्टवर अडकले. काही केल्या खाली येईनात. मग बॅनिस्टर आणि ब्रॅशर चक्क स्कॉटलंडला डोंगर चढायला गेले, परत आले, आणि एकोणसाठ लागले. पालकांनो, हे लक्षात ठेवा, अडलेल्या मुलाला दरवेळी जादा तासच लागतो असं नाही.

6 मे 1954. सकाळी हा मुलगा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत बुटांचे खिळे घासून धारदार करतोय. ऑक्सफर्डला जाणाऱ्या गाडीत स्टॅम्फल भेटला. बाहेर जोराचा वारा, बॅनिस्टरचं मन माघार घ्यायला लागलेलं. स्टॅम्फल त्याला म्हणाला की तू 3:56 धावू शकतोस. हिशेब बघा! वाऱ्यात काही सेकंद गेले तरी चाराच्या आत बसतं. माझ्या मते कोचिंग म्हणजे काय ते त्या डब्यात दिसतं. तो आकडा त्याने हवेतून काढला नव्हता, मागचा सगळा सराव त्याने डोळ्यांनी पाहिला होता. संध्याकाळी वारा पडला. वेग बांधून द्यायला आधी ब्रॅशर, मग चॅटअवे पुढे धावत राहिले, आणि बॅनिस्टरला वेळ लागली 3:59.4.

आणि ते डझनावारी लोक? पुढच्या वर्षभरात चाराच्या आत आलेला नवा माणूस एकच, ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी. 46 दिवसांनी, फिनलंडमधल्या तुर्कूला. त्याच्या मागे लागून पळत कोण होतं? हाच चॅटअवे. नुसत्या बातमीने भिंत पडत असती तर मैदानांवर रांग लागली असती.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर मूळ मुद्दा भराभर सांगतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून बघितल्याने, आपल्यासारख्याला करताना पाहिल्याने, कुणीतरी समजावल्याने, आणि छातीतल्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो त्यातून. सगळ्यात पक्की वाट पहिली. बहुतेक शिबिरं तिसरीवरच उभी असतात.

माझ्याकडे एक बाई आल्या. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये तोंड उघडायचं नाही, ‘मला बोलता येत नाही’ हे ठाम. मी विचारलं, शेवटचं कधी बोललात? भिशीच्या हिशेबावरून परवाच पंधरा जणींना गप्प केलं होतं त्यांनी! मग ठरलं एवढंच: पुढच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न, कागदावर लिहून नेलेला, वाचून विचारायचा. काय होईल असं वाटतंय ते आधी लिहायचं, काय झालं ते नंतर. ‘सगळे हसतील’ असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात साहेबांनी उत्तर दिलं आणि पुढचा विषय घेतला. पुढच्या वेळी दोन प्रश्न. तिसऱ्या पायरीला त्या अडल्या, तेव्हा आम्ही ती पायरीच लहान केली.

शिक्षकांनो, ‘मला गणित येत नाही’ म्हणणाऱ्या पोराला ‘येईल रे’ म्हणू नका. कुठल्या गणितापर्यंत येतं ते शोधा आणि त्याच्या पुढचं एकच द्या.

आणखी एक, मग बसतो. प्रत्येक अडचण मनातली नसते. फी भरायला पैसे नाहीत, घरात अभ्यासाला जागा नाही, वर्गात जात काढली जाते, अशा मुलाला ‘तुझ्या समजुती बदल’ सांगणं हा अन्याय आहे. तिथे फी माफीचा अर्ज भरून द्या, जागा मिळवून द्या, जात काढणाऱ्याला जाब विचारा. आणि झोप उडालीय, जेवण सुटलंय, जगणं नको झालंय, असं कुणी म्हणालं तर कोच नको, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा.